अप्पा पीत नव्हते

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ताईला नाही, ऑफिसातल्या त्या एकुलत्या एका मैत्रिणीलाही नाही, जिला मी बाकी बरंच सांगते. मुळात मी बोलतेच कमी. शाळेत शेवटून दुसरा बाक, घरी पाहुणे आले की आतली खोली. त्यामुळे माझ्याकडे लपवण्यासारखं काही असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. गप्प माणसाला हा एक फायदा असतो — त्याला कुणी विचारत नाही.

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे काही फार चांगलं कारण नाही.

आमचं घर वारज्याचं. वारजे गाव होतं तेव्हापासूनचं. घरामागे आमची जमीन होती, मेथी-कोथिंबीर निघायची, अप्पा पहाटे जुड्या बांधून मंडईत न्यायचे. मग बायपास आला, मग बिल्डर आले. थोडी जमीन रस्त्यात गेली, उरलेली इमारतींखाली. अप्पांनी दोन मजली घर बांधलं, वरच्या खोल्या भाड्याने दिल्या आणि मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती तोवर गावातल्या मराठी शाळेतून दहावीला पोचली होती. एकाच घरात आम्ही दोघी दोन वेगळ्या शाळांच्या झालो. ती घरच्यासारखी बोलायची, मी पुस्तकासारखी. 'आहे'ला 'हाय' म्हणायची मला लाज वाटायची. ही लाज पुढे कामाला येणार होती.

जमिनीचे पैसे आलेल्या माणसांबद्दल शहरात काय बोलतात ते तुम्हाला माहीत असेल. गळ्यात सोन्याचा गोफ, दारात मोठी गाडी, संध्याकाळी धाबा. आमच्या आळीत तसे लोक होतेही. अप्पा तसे नव्हते. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि दारात जुनी बजाज. माळ घातलेला माणूस मटण खात नाही, दारूला शिवत नाही. अप्पांनी ती विशीत घातली होती आणि तिच्याबद्दल ते कधी काही बोलायचे नाहीत. आंघोळीनंतर ओले मणी पंच्याने टिपायचे, एवढंच.

मी आठवीत असताना त्यांचं चालणं बदललं. पाय जरा फाकवून टाकायला लागले, होडीत उभं राहिल्यासारखे. जिना उतरताना भिंतीला हात. चहाची बशी हिंदकळायची. मग जीभ जड झाली — शब्द एकमेकांना चिकटून यायचे. आणि डोळे. हे बहुतेक माझ्याच लक्षात आलं होतं. कुणी हाक मारली की आपण आधी डोळे वळवतो, मग मान. अप्पा आधी मान वळवायचे, डोळे मागून यायचे, सावकाश.

आता तुम्हीच सांगा, पाय फाकलेले, जीभ जड, डोळे संथ, आणि जमिनीचे पैसे. लोकांना काय वाटणार?

'आज लवकर सुरू केलं का पाव्हणं?' चौकात कुणीतरी म्हणायचंच. अप्पा हसायचे. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागायचा आणि तोवर विचारणारा पुढे गेलेला असायचा. शिवाय आमच्या घराण्याला ते नवीन नव्हतं. आजोबांबद्दल गाव हेच सांगायचं — पिऊन झोकांड्या खात कॅनॉलमध्ये पडले आणि गेले. त्यांच्या बापाबद्दलही तेच. आमच्यातले पुरुष चाळिशीनंतर दारूने वाया जातात, हे वारज्यात सगळ्यांना ठाऊक होतं, जसं कुणाच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे हे ठाऊक असतं.

बारावीत असताना मी अप्पांना आणि आईला घेऊन शहरातल्या एका मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी अप्पांना फरशीच्या रेघेवरून टाचेला बोटं लावत चालायला सांगितलं. दोन पावलांत अप्पा कलले. मग 'माझ्या बोटाकडे बघा' म्हणून बोट इकडून तिकडे नेलं. अप्पांनी मान वळवली. डॉक्टरांनी हनुवटी धरली, 'मान नाही, काका, फक्त डोळे.' डोळे निघाले आणि वाटेत रेंगाळत पोचले.

'यांच्या वडिलांना असं काही होतं?'

'ते प्यायचे,' आई म्हणाली. 'कॅनॉलात पडून गेले.'

'तुम्ही पिताना बघितलंय?'

आई गोंधळली. 'मी कुठं बघितलंय? मी लग्न हून यायच्या आदीच गेले ते. समदी म्हणत्यात.'

डॉक्टर माझ्याकडे वळले. इंग्लिश मीडियम का, विचारलं आणि पुढचं सगळं इंग्रजीत माझ्याशी बोलले. तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग हळूहळू झिजतो. औषध नाही, व्यायामाने थोडं सावरतं. हा आजार रक्तातून येतो, बापाकडून किंवा आईकडून. तुझे आजोबा बहुधा पीत नव्हते. आणि मग — प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी. नाणं उडवल्यासारखं. घरी नीट समजावून सांग, म्हणाले, घाई नको करूस, पण सांग.

रिक्षात आईने विचारलं, 'काय म्हन्ले?'

मी सांगितलं — मेंदूच्या मागच्या भागाचा आजार आहे, तोल जातो, औषध नाही, व्यायाम करायचा. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी फक्त तिथे थांबले.

हा कबुलीजबाब एवढ्यासाठीच असता तर मी लिहिलाही नसता. बारावीतली मुलगी घाबरली, असं कुणीही म्हणेल, मीही म्हणते. पण घाबरलेलं माणूस एकदा गप्प बसतं. मी त्या गप्प बसण्याचा पुढे उपयोग केला. ते सांगायचं आहे — आणि बघा, मी अजून तिथपर्यंत आलेच नाही.

ताईला स्थळं येऊ लागली. आमच्याकडे बघण्याच्या कार्यक्रमाआधी चौकशी होते. समोरासमोर नाही, वाण्याकडे, शेजारी, लांबच्या नात्यात. पहिलं स्थळ चांगलं होतं. त्यांच्यातल्या कुणीतरी आईला गाठून विचारलं, वडलांना काय झालंय? आईने सरळ सांगितलं, शिरेचा आजार आहे. 'खानदानी तर नाही ना?' 'न्हाई ओ, खानदानी कसला.' ती खरंच तसं समजत होती. ते लोक पुन्हा आले नाहीत. नंतरच्या एका स्थळाचंही तेच झालं.

अप्पांचे चुलत भाऊ, तात्या, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे. त्यांना ही हकिगत कळल्यावर म्हणाले, 'वैनी, तुमी बी कमाल करता. आजार कशाला सांगायचा? पितो म्हनायचं! पिनाऱ्या बापाच्या पोरींची लग्नं थांबली असती तर आख्खं वारजं बिनलग्नाचं ऱ्हायलं असतं.'

सगळे हसले. आई पदर तोंडाला लावून हसली. अप्पाही हसले, सगळ्यांचं हसून झाल्यावर. मी खिडकीत अभ्यास करत होते. मी हसले नाही, कारण मला ते विनोदासारखं वाटलं नाही. मला ते बरोबर वाटलं. दारू रक्तातून येत नाही. पिणारा बाप हा बापाचा दोष. तो मुलीच्या अंगाला चिकटत नाही. माझ्या विज्ञानाच्या पुस्तकांनी जे शिकवलं होतं ते आणि तात्यांची थट्टा नेमकी एकमेकांत बसत होती.

म्हणजे पुढे जे झालं ते मला 'अचानक सुचलं' असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, ते खरं नाही. ते माझ्याकडे तयार होतं.

स्थळ विश्रांतवाडीचं. मुलगा भोसरीत कंपनीत, घर स्वतःचं. बघायला यायचं ठरलं तेव्हा आईने अप्पांना बजावलं, खुर्चीतून उठायचं नाही. चहा मी हातात देणार नाही, समोर ठेवीन, तुम्ही घेऊ नका. अप्पा बरं म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, गळ्यातली माळ सदऱ्याबाहेर काढली आणि पाहुणे येण्याच्या कितीतरी आधीपासून खुर्चीत बसून राहिले. कार्यक्रम चांगला झाला. पोहे झाले, प्रश्न झाले — मूळ गाव कुठलं, कूळ कुठलं, आजोळ कुठलं. अप्पा कमी बोलले, पण वधूपित्याचं कमी बोलणं शोभूनच दिसतं.

मग पाहुणे निघाले. आणि अप्पा उठले.

वडीलधारी माणसं दारातून निघालीत आणि आपण बसून राहायचं, हे त्यांना जमलंच नाही. खुर्चीचा हात सोडला, दोन पावलं तिरपी पडली, भिंत धरली आणि भिंतीवरून हात सरकवत ते फाटकापर्यंत गेले. हात जोडून उभे राहिले, जरा डुलत. सगळ्यांनी पाहिलं.

मुलाची वहिनी रुमाल विसरला म्हणून परत आत आली. रुमाल तिच्या हातातच होता. मी स्वयंपाकघराच्या दारात बशा आवरत होते. तिने मला विचारलं, कारण मी धाकटी होते आणि धाकटी खरं बोलतात असा समज असतो.

'काय गं, तुझ्या वडलांना काही आजार आहे का? चालताना असे काय...'

'नाही,' मी म्हणाले. 'ते घेतात.'

'घेतात म्हणजे? आत्ता?'

'रोजच.'

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मला तो उतरताना दिसला. तरी ती म्हणाली, 'पण माळ आहे की गळ्यात.'

'ती नुसती असते.'

हेच ते. ती नुसती असते. आजार लपवायला 'घेतात' एवढं पुरलं असतं. ही पुढची तीन शब्दांची भर कुणी मागितली नव्हती. मी ती स्वच्छ, पुस्तकी मराठीत घातली.

'मग ठीक आहे,' वहिनी म्हणाली. 'आमचे सासरे पण आधी घ्यायचे. काही नाही, सवय असते.' माझ्या गालाला हात लावून ती गेली.

आणि तेव्हा मला मधल्या दाराच्या चौकटीवर बोटं दिसली. चार बोटं, लाकडाला घट्ट धरलेली. अप्पा भिंतीच्या आधाराने परत येत होते आणि तिथे थांबले होते. किती ऐकलं? मी स्वतःला हा प्रश्न फार वेळा विचारला, जसं काही उत्तर मला ठाऊकच नाही. ते खाकरले. मग आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'पोरी, वाईच पानी दे.'

मी दिलं. ते प्यायले.

लग्न ठरलं. त्या आठवड्यात कधीतरी त्यांच्या गळ्यातली माळ देवघरातल्या खिळ्याला लटकलेली दिसली. आईने विचारलं, पुन्हा विचारलं, भांडली. त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं होतं. लोकांनी आपल्याला दारुडा म्हणावं, हे त्यांनी सोसलं होतं. पण माळ घालून पितो म्हणावं — माळेला नाव ठेवावं — हे नको होतं. आपली बदनामी होणारच आहे तर त्यात ती कशाला? मुलीचं लग्न तर व्हायला हवंच होतं. म्हणून त्यांनी माझं खोटं राहू दिलं आणि माळ बाजूला काढली.

मला एका शब्दाने बोलले नाहीत. आधीसारखेच वागले. कॉलेजला निघाले की 'सावकाश जा' म्हणायचे. हे सोपं होतं असं समजू नका — बोलले असते तर बरं झालं असतं, असंही मी म्हणणार नाही. मला ते बोलत नाहीत याचं बरंच वाटायचं.

ताईच्या सासरी तिला ऐकावं लागलं की तुझे वडील पितात. आधी ती भांडली. मग माहेरी आली, तेव्हा अप्पांचा मोकळा गळा पाहिला. दुपारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, 'अप्पा खरंच घ्यायला लागलेत का गं?' मी म्हणाले, 'मी दिवसभर कॉलेजात असते. मला काय माहीत?' त्यानंतर ती सासरी भांडली नाही.

मी बायोटेक केलं. तेव्हा पुण्यात ते करण्याची लाट होती. पुढे हिंजवडीत नोकरी लागली. परदेशातल्या कंपन्यांसाठी आम्ही आनुवंशिक आजारांवरचे लेख वाचायचो आणि माहिती संगणकात भरायचो: कुठला जीन, कुठला बदल, कुठल्या लोकांत. एसी, फुकट कॉफी, न्यायला-सोडायला बस. पहिल्याच वर्षी माझ्या वाट्याला तोल जाण्याचे आजार आले. मी मागून घेतले नव्हते. बदलूनही मागितले नाहीत.

हे आजार अनेक आहेत आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. क्यूबाच्या एका भागात दुसरा फार दिसतो; तिथे तो कधीकाळी जहाजातून आलेल्या एखाद्या पूर्वजासोबत आला असावा म्हणतात. पोर्तुगालच्या बेटांवर तिसरा. उत्तर भारतातल्या एका व्यापारी समाजात बारावा — त्यात आधी हात थरथरतो. जपानात आणखी निराळा. जिथे माणसं पिढ्यानपिढ्या आपल्यातच लग्नं करत राहिली, तिथे एकाच माणसाचा आजार गावभर झाला. भारतात दुसरा बराच आहे. संथ डोळे हे त्याचं लक्षण. मी ते वाक्य वाचलं आणि रकान्यात भरलं, पुढच्या लेखावर गेले.

बिघाड म्हणावा तर केवढासा. जीनमधला तीन अक्षरांचा एक तुकडा सगळ्यांमध्येच ओळीने काही वेळा येतो. आमच्यासारख्या घरांत तो जास्त वेळा येतो, अडकलेल्या सीडीसारखा. बापाकडून मुलाकडे जाताना तो आणखी लांबू शकतो आणि जितका लांब तितका आजार लवकर. क्यूबातला कोळी असो की वारज्याचा माळकरी, तुकडा तोच. मला वाटायचं, तिथल्याही आजोबांना लोक दारुडाच म्हणत असतील. मग वाटायचं, पण तिथे कुणाच्या पोटच्या मुलीने म्हटलं असेल का?

मी एका लॅबमध्ये माझ्या रक्ताची, त्या जीनसाठी, तपासणी करून घेतली. तिथल्या बाईंनी आधी विचारलं, मूळ गाव कुठलं, समाज कुठला, आईवडील नात्यातले का, आजोळ कुठलं. मी सगळी उत्तरं दिली आणि मला पोह्यांचा वास आला. स्थळ बघायला येतात तेही हेच विचारतात, अगदी याच क्रमाने. फक्त या बाईंना खरं उत्तर हवं होतं.

माझ्यात नाही.

बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायले, बर्फ न घालता. ताईचा ओंकार तेव्हा नुकता चालायला लागला होता. तिला दुसरं मूल हवं होतं. त्याच दिवशी विश्रांतवाडीची बस पकडायला हवी होती, नाही का? पण जाऊन काय सांगणार? की मला हे तुझ्या लग्नाआधीपासून माहीत आहे? माझ्यात असतं तर मी बहुधा सांगितलं असतं, आम्ही दोघी सारख्या झालो असतो. पण मी सुटले होते. मी घरी आले. पुढच्या वर्षी ताईला मुलगी झाली, मी बारशाला चांदीचे वाळे नेले.

अप्पा शेवटी अंथरुणाला खिळले, घास श्वासनलिकेत जायला लागला आणि न्यूमोनियाने गेले. तिरडीवर ठेवल्यावर आईने खिळ्यावरची माळ आणली. तात्या म्हणाले, 'नगं वैनी. उतरवल्याली माळ परत घालू नये.' आई ती हातात धरून उभी राहिली.

दहाव्याला नदीकाठच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, खाली येईनात. तुम्हाला माहीत असेल, मग लोक मेलेल्या माणसाला वचनं देतात. 'धाकटीचं लगीन आमी लावून देऊ,' तात्या मोठ्याने म्हणाले. कावळा नाही. 'वैनीला अंतर देनार न्हाई.' नाही. 'पोरीला नोकरीवाला बघू.' कुणीतरी मागून म्हणालं, 'अहो, नोकरीवाली तीच आहे.' थोडं हसू पसरलं. ऊन चढत होतं.

तेव्हा ताईचे सासरे पुढे आले. भला माणूस. पिशवीतून त्यांनी एक क्वार्टर काढली, झाकण उघडलं आणि पिंडाशेजारी ठेवली. 'व्याह्यांचं हेच राहिलं असेल,' म्हणाले. 'शेवटी शेवटी गिळताही येत नव्हतं त्यांना.' त्यांचे डोळे भरले होते. थट्टा नव्हती ती.

आई उठली. 'ह्ये काय? त्यांनी कधी तोंड लावलं न्हाई! कधीच न्हाई!'

तात्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. 'असू द्या वैनी. आता झाकून काय उपेग?'

आईने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांकडे. मग माझ्याकडे. ती काही विचारत नव्हती. मी शिकलेली, मी बोलले तर लोक ऐकतील, एवढंच असावं. मी ताईच्या मागे उभी होते. मी पायांवरची वाळू झटकली.

कावळा आला. बाटलीला जागा द्यायला लोक मागे सरले होते, म्हणूनही आला असेल. पण आला, आणि सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. 'बगा,' कुणीतरी म्हणालं. आई खाली बसली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. मला वाटतं, त्या दिवशी तिलाही क्षणभर शंका आली. तिच्याच नवऱ्याबद्दल. कावळ्यामुळे — नाही, कावळ्याचं नाव कशाला घेऊ?

परवा ओंकारचा वाढदिवस होता. ताई ताटं घेऊन येताना उंबऱ्याला अडखळली. मी आधीपासून बघत होते: कुणी हाक मारली की ती आधी मान वळवते. दाजी हसून म्हणाले, 'बापावर गेली बघा! फक्त बाटली कुठं लपवते ते सापडत नाही.' ताईच्या जावेने त्यांना दटावलं, पण हसतच. ताईही हसली. मीही हसले.

रविवारी मी एकटी तिच्याकडे गेले. मुलं खाली खेळायला गेल्यावर तिला सांगितलं. आजार, डॉक्टर, निम्मी शक्यता, माझी तपासणी, तिचे डोळे. मला कधीपासून माहीत आहे तेही सांगितलं. शिकलेलं माणूस सांगतं तसं, क्रमाने. ती ऐकत राहिली. मुलांचं काय, विचारलं. मी म्हणाले, आधी तुझी तपासणी, मग बघू, मी बरोबर येईन. तिने खिडकीतून खाली मुलांकडे पाहिलं, मान वळवून.

मला वाटलं, आता ती माझ्यावर ओरडेल. ती वेगळंच म्हणाली.

'म्हणजे अप्पा पीत नव्हते.'

'नाही.'

'कधीच?'

'कधीच नाही.'

'मग माळ का उतरवली गं त्यांनी?'

तेव्हाच सांगायचं होतं. बाकी सगळं सांगून झालं होतं, एवढंच उरलं होतं.

'मणी सदऱ्याच्या गुंडीत अडकायचे,' मी म्हणाले. 'हात थरथरायचे ना, सोडवता यायचे नाहीत.'

तिला ते पटलं. 'आणि मी काय काय समजून बसले,' ती म्हणाली आणि रडायला लागली — स्वतःसाठी नाही, मुलांसाठीही नाही, अप्पांसाठी. मी उठून पाणी आणलं. तिने पेला दोन्ही हातांनी धरला.